केसांचा हुकूम

घानातल्या एका कोर्टात वकील एफुआबाई आपल्या दाट कुरळ्या केसांनिशी उभ्या राहिल्या. न्यायाधीश खेकसले, "या झिंज्या विंचरून या, मगच बोला!" सुनावणी पुढे ढकलली. अशील म्हातारीचं घर पणाला लागलेलं, म्हणून दुसऱ्या दिवशी बाई सरळ केसांचा टोप चढवून आल्या.

"हे खोटे केस उतरवा!" न्यायाधीश गरजले.

"उतरवते," बाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त लेखी हुकूम द्या, की या कोर्टात कुणीही दुसऱ्याचे केस डोक्यावर घालून बसायचं नाही."

"घ्या लिहून!" न्यायाधीशांनी कारकुनाला फर्मावलं.

कारकुनाने लेखणी उचलली. साहेबांच्या डोक्यावर इंग्रजांनी मागे ठेवलेला घोड्याच्या केसांचा टोप होता. त्याकडे बघत त्याने विचारलं, "साहेब, आजपासून लागू करू, की उद्यापासून?"