अक्रोडाच्या ढलप्या

पुन्हा मलाच सांगायला लावता. देवळात कीर्तनकार आहे, शाळेत मास्तर आहे, पण बाबालाल शिकलगाराची गोष्ट निघाली की माझ्याच दारात येऊन बसता. येताना चहा मात्र कुणी आणत नाही. बरं, सांगतो. मधे कुणी बोलू नका.

"वस्ताद, हलकी होईल का नाही, तेवढंच सांगा."

हिंदुराव वाकरेकरानं असं विचारलं आणि बंदूक बाबालालच्या पुढ्यात आडवी ठेवली.

बाबालाल कानशीनं कुणाचा तरी अडकित्ता घासत होता. त्यानं मान वर केली नाही.

बंदूक त्यानंच जुळवून दिलेली. संस्थानचं शस्त्रागार मोडलं तेव्हा हिंदुरावानं एक विलायती नळी विकत घेतली, आणि बाबालालनं तिला अक्रोडाचा दस्ता घडवला. असा दस्ता की गालाला लावला तर लाकूड आहे हे विसरावं. नळी जरा कापू या, असं तो तेव्हाच म्हणाला होता. हिंदुराव म्हणाला, एवढी लांब नळी आसपासच्या गावांत कुणाकडं नाही, राहू दे.

राहिली.

नेम धरायलाही हिंदुराव याच माणसाकडं शिकला, मिसरूड फुटायच्या आधी. पण शिकलेला माणूस गुरूचं सगळं ऐकतो असं कुठं आहे.

"नेम धरला की हात कापतो माझा," हिंदुराव म्हणाला. "बंदूक जड आहे."

आता हे का, ते सांगितलं पाहिजे. आमच्याकडं रानडुक्कर उठवायला हाका निघाला की डुकराच्या वाटेवर बंदूक घेऊन बसायचा मान वाकरेकरांचा. आजा बसला, बाप बसला. त्याच्या आदल्या साली हिंदुराव बसला आणि गोळी हुकली. बिथरलेलं डुक्कर मागं वळलं आणि हाका घालणाऱ्या धोंडूची मांडी फाडून गेलं. धोंडू वाचला, पण पाय फरफटत चालायला लागला. गाव म्हणालं, यंदा एकदा बसू दे, पुन्हा हुकला तर ती जागा दुसऱ्याची. हिंदुराव धोंडूच्या घरावरून जाताना मान खाली घालायचा. दोष बंदुकीच्या वजनाचा, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. काहीतरी ठरवल्याशिवाय त्याला घास उतरला नसता.

"कुठं जड आहे?" बाबालालनं विचारलं.

"कुठं म्हणजे? सगळीच."

"कुठल्या हातात?"

हिंदुरावानं दोन्ही हात पालथे करून बघितले.

"डाव्या."

बाबालालनं अडकित्ता खाली ठेवला. बंदूक उचलली आणि मधोमध एका बोटावर तोलून धरली. नळीनं मुंडी टाकली. खाली पडायच्या आत त्यानं ती दुसऱ्या हातात झेलली.

"नळी कापू?"

"नळीला हात लावायचा नाही."

"मग मागनं लाकूड कोरतो."

"कोरा. पण माझ्यासमोर. ढलप्या मी घरी नेणार."

"ने. चूल पेटंल."

एवढ्यावर हिंदुराव थांबला नाही. आधीचं वजन माहीत पाहिजे म्हणून शेजारच्या वाण्याच्या काट्यावर बंदूक घातली. पाच शेर भरली. मग येऊन बसला आणि डोळ्यात तेल घालून बघत राहिला.

बाबालालनं दस्त्याच्या बुडाची लोखंडी पट्टी सोडली. पटाशी लावली. तो माणूस लाकूड कोरायचा तेव्हा हातोडीचा आवाजसुद्धा दबकत यायचा. आतनं चांगली खोल पोकळी केली, बाहेर चरा नाही. ढलप्या हिंदुरावाच्या टॉवेलात पडल्या, ओंजळभर.

"झालं?"

"पट्टी बसवायचीय. उद्या ने."

दुसऱ्या दिवशी हिंदुरावानं बंदूक खांद्याला लावली आणि हसला. वर्षभरात त्याला हसताना कुणी बघितलं नव्हतं.

"पीस झालं की, वस्ताद."

बाबालालनं पुन्हा कानस उचलली.

हाका निघाला. हिंदुराव ती बंदूक घेऊन डोंगर चढला आणि वाटेवर बसला. डुक्कर आलं ते दगड गडगडत यावा तसं आलं. हिंदुरावाची नजर जिथं होती तिथंच नळी राहिली. एकच बार झाला. डुक्कर आडवं. हाकेवाले धडधाकट घरी आले. आणि पाय ओढत धोंडू स्वतः हिंदुरावाच्या दारात आला, म्हणाला, पुढल्या साली मला पण हाक्याला घ्या.

हिंदुराव फेटा घेऊन बाबालालकडं गेला. स्वतःच्या हातानं बांधला. चार माणसं जमली होती.

"अरे, ओंजळभर ढलप्या काढल्या आणि बंदूक निम्मी केली," तो सगळ्यांना सांगत होता. "खोटं वाटतं? चला काट्यावर."

वाण्यानं पाच शेराची वजनं टाकली. बंदुकीचं पारडं खाली बसलं. वर अच्छेर, म्हणजे अर्धा शेर, वाढवला तेव्हा दांडी सरळ झाली.

"काटा खोटा आहे तुझा," हिंदुराव वाण्याला म्हणाला. भर बाजारपेठेत.

वाण्यानं काटा रिकामा केला. त्यानं अदलाबदल केली. बंदूक या पारड्यात, वजनं त्या पारड्यात. काटा खोटा असेल तर इथं पकडला जातो.

दांडी पुन्हा सरळ.

हिंदुराव बंदूक घेऊन सावकाश बाबालालपुढं आला.

"वस्ताद… ही जड झालीय."

"व्हय."

"काय केलंत?"

"कोरलं तिथं शिसं भरलं, नळीच्या तोलाला. तू गेल्यावर."

"मी हलकी करा म्हणालो होतो."

"व्हय."

हिंदुरावानं बंदूक खांद्याला लावली. नळी भिंतीवरच्या खुंटीवर जाऊन थांबली आणि थांबूनच राहिली. त्यानं ती खाली घेतली. पुन्हा लावली. डावा हात देवळाच्या खांबासारखा… त्या हाताकडं तो बघत बसला. मग वाकला आणि बाबालालच्या पायाला हात लावला.

बाबालालनं डोक्यावरचा नवा फेटा जरा मागं सारला. पेटीतून पेचकस काढला आणि दुसरा हात बंदुकीसाठी पुढं केला.

"आण इकडं. शिसं काढून देतो."

तो वाणी मी. काटा खरा होता, आणि त्याला खोटा म्हणाल्याची माफी माझ्या वहीत अजून बाकी आहे. कुणाच्या नावावर? हिंदुराव वाकरेकर.