गेनूनं रंग जुळवले

"त्या गेनूनं अख्खा साखरपुडा जांभळा केला म्हणे, आणि पाव्हण्यांनी मग त्याला धरून..."

गिरणीवर एवढंच ऐकू आलं. तेवढ्यात पट्टा फिरायला लागला आणि पुढचं सगळं पिठात गेलं. दळण घेऊन घरी जाईपर्यंत कुणी म्हणालं धरून बदडला, कुणी म्हणालं धरून ओढ्यात बुचकळला. लोकांच्या घरात डोकावू नये हे खरं. पण अर्धवट ऐकून झोप लागत नाही, त्यापेक्षा नीट विचारून घेतलेलं बरं.

तर एका गावात एक भोळा फोटोवाला होता, तो हा गेनू. कुणी काही सांगितलं की तो ऐकायचा. ऐकलं की तसंच करायचा. केलं की लोक ओरडायचे. त्याचं त्याला वाईट वाटत नसे. चांगली गोष्ट विसरायला नको म्हणून तो ती दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवायचा.

गेनूचा मेहुणा बोटीवर कामाला. त्यानं कुठल्याशा बंदरातून एक वेगळाच कॅमेरा आणला. गेनूनं जुना कॅमेरा विकला आणि या नव्यानं पहिलंच काम केलं ते वत्सलाबाईंच्या सुमनच्या साखरपुड्याचं.

वत्सलाबाई कुरडया-पापड करून घर चालवणारी बाई. एकुलती एक लेक. स्थळ चांगलं होतं, पण मुलाच्या आजोबांची, आबांची, एक अट होती. थोरल्या नातवाच्या वेळी फोटोत मुलगी गोरीपान दिसली होती आणि मांडवात निराळीच निघाली होती. त्यात मुलीचा काही दोष नव्हता, फोटोवाल्यानं उजळवली होती. पण आबांनी ते मनात धरलं. साखरपुड्याला गुडघ्यांमुळे ते आले नव्हते. रविवारी जीपमध्ये बसून येणार होते, फोटो आणि मुलगी शेजारी शेजारी ठेवून बघणार होते. फरक दिसला तर तारीख धरायची नाही. जे फोटोत खोटं बोलतात ते कशातही बोलतील, असं त्यांचं म्हणणं.

वत्सलाबाईंनी गेनूला बजावून सांगितलं, "गेनूभाऊ, माझ्या लेकीचं लग्न तुमच्या हातात आहे."

गेनूनं आपल्या हातांकडे नीट बघून घेतलं.

सोमवारी त्यानं फोटो कॉम्प्युटरवर घेतले. कॅमेऱ्यातून निघालेली, अजून काहीच न सजवलेली फाइल असते, तिला या धंद्यात रॉ म्हणतात. त्या रॉ फाइली उघडेचनात. फोटो सजवायचं जे सॉफ्टवेअर होतं, ते म्हणे या कॅमेऱ्याला ओळखत नव्हतं. गेनूनं सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. तिकडे शर्वरी मॅडम होत्या, बोलायला फार गोड. त्या म्हणाल्या, ओळखत नसेल तर आधी सगळं बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग परत चालू करा.

गेनूनं तसं केलं. फाइली काही उघडल्या नाहीत, पण शिकवण भिंतीवर गेली.

दुपारी तलाठी भाऊसाहेब पासपोर्ट फोटो न्यायला आले. फोटो हातात घेऊन म्हणाले, "हा मी आहे? मला तर ओळखू येत नाही."

गेनूनं मान डोलावली. दिवे बंद केले. पंखा बंद केला. शटर खाली ओढलं. भाऊसाहेबांना खुर्चीत दाबून बसवलं. वैशाखातली दुपार. दहा मिनिटांनी शटर वर केलं तेव्हा भाऊसाहेब घामानं निथळत होते.

"आता ओळखतंय का?" गेनूनं विचारलं.

भाऊसाहेब काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. घरी गेनूच्या बायकोनं, हौसानं, कपाळाला हात लावला. म्हणाली, "अहो, ते मशिनीला सांगितलं होतं, माणसाला नाही."

मंगळवारी मॅडमनी फोनवर काहीतरी युक्ती सांगितली आणि फाइली उघडल्या. पण साखरपुड्याला आलेले सगळेच्या सगळे जांभळे. सुमन वांग्यासारखी. मॅडमनी समजावलं. बाकीच्या कॅमेऱ्यांत आत रंगांचे ठिपके दोन-दोनच्या रांगोळीसारखे मांडलेले असतात, तुमच्यात सहा-सहाची निराळीच मांडणी आहे. आमचं सॉफ्टवेअर जुन्या सवयीनं ठिपके जोडत जातं, म्हणून चेहरे जांभळे येतात. दुरुस्ती करतोय. तोवर एक लक्षात ठेवा. मूळ फाइलला हात लावायचा नाही. जे करायचं ते तिच्या नकलेवर.

भिंतीवर दुसरी ओळ आली.

बुधवारी एक बाई आपली जुळी पोरं घेऊन शाळेच्या फोटोसाठी आली. दोघं हुबेहूब. एकाच्या नाकाला शेंबूड. बाई म्हणाली, जरा पुसा हो त्याचं नाक, माझा हात अडकलाय.

गेनूनं आधी विचारलं, "यातलं आधी कोण जन्मलं?"

"हाच, शेंबड्या. दुसरा पाव तासानं."

गेनूनं रुमाल काढला आणि दुसऱ्याचं नाक पुसलं. चांगलं लाल होईपर्यंत पुसलं.

"अहो, शेंबूड याला आलाय."

"तो मूळ आहे," गेनू म्हणाला. "त्याला हात लावायचा नाही."

गुरुवारी मॅडमनी साखरपुड्याची एक फाइल मागवली, तपासायला. म्हणाल्या, एवढी मोठी जायची नाही, आधी दाबून लहान करा, इकडे पोचली की आम्ही उलगडून पहिल्यासारखी करतो. कसं दाबायचं तेही त्यांनी सांगितलं. गेनूनं फाइल दाबली आणि पाठवली. पोचलीसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट जिथल्या तिथं बरोबर केली, म्हणून त्याला फार आनंद झाला. तिसरी ओळ त्यानं मोठ्या अक्षरात लिहिली.

त्याच संध्याकाळी वत्सलाबाईंनी त्याच्या हातात पत्र्याचा डबा दिला. पाव्हण्यांच्या घरी द्यायच्या शंभर कुरडया, एकेक फुलासारखी. गेनू शुक्रवारी तिकडच्या गावी जाणारच होता. त्यानं डबा बघितला. फारच मोठा. त्यानं कुरडया पोत्यात ओतल्या, पोत्यावर उभा राहिला, थोडा नाचला, आणि जे झालं ते चहाच्या डबीत भरलं.

पाव्हण्यांच्या सुनेनं डबी उघडली. म्हणाली, "हे काय, रवा?"

"कुरडया आहेत. तुमच्याकडे पोचल्या ना, आता होतील पहिल्यासारख्या."

ती गोष्ट आबांच्या कानावर गेली. आबा म्हणाले, रविवारी बघू. 

शनिवारी गेनूनं घाबऱ्या घाबऱ्या मॅडमना फोन केला. उद्या पाव्हणे येणार, फोटो अजून जांभळा. मॅडम म्हणाल्या, दुरुस्ती जवळजवळ झालीच आहे. अगदीच अडलं तर मुलीला कॉम्प्युटरच्या पडद्याशेजारी उभं करा, आणि दोघं एकसारखे दिसेपर्यंत थोडा थोडा रंग बदलत जा. घाई करू नका, सर.

गेनूनं फोन ठेवला आणि भिंत वाचली. मूळ फाइलला हात लावायचा नाही. नक्कल तर अजून केलीच नव्हती. मग रंग बदलायचा कुणाचा? हात लावता येण्यासारखं एकच उरलं होतं.

रविवारी सकाळी त्यानं सुमनला दुकानात बोलावलं. रंगपंचमीचा उरलेला पक्का जांभळा रंग वाटीत खोबरेल तेलात कालवला. सुमननं विचारलं, "दादा, हे कशाला?"

"कंपनीच्या मॅडमनी सांगितलंय."

कंपनी म्हटल्यावर पोरीनं गाल पुढं केला. गेनूनं अजिबात घाई केली नाही. थोडा लावायचा, पडद्याकडे बघायचा, थोडा लावायचा. कानाच्या मागंसुद्धा सोडलं नाही. तासाभरात असं जुळलं की फोटोतली कुठली आणि समोरची कुठली ते सांगता येऊ नये.

बाहेर जीप थांबली, आत आबा, नवरदेव, बाकीचे पाव्हणे आणि वाटेत घेतलेल्या वत्सलाबाई. तेवढ्यात फोन वाजला. मॅडम फार खुशीत होत्या. "सर, दुरुस्ती आली. आता तुमच्या कॅमेऱ्याचे रंग अगदी खरे दिसतील."

गेनूनं ती दुरुस्ती घेतली. आबांना दोघांनी धरून खुर्चीत बसवलं, तेव्हा पडद्यावर गव्हाळ रंगाची, हसऱ्या डोळ्यांची सुमन झळकत होती. आणि शेजारी उभी होती जांभळी.

वत्सलाबाई भिंत धरून खाली बसल्या. आबांनी पडद्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, परत पडद्याकडे.

"यातली खरी कुठली?"

सुमनचे डोळे भरून आले होते, पण आवाज स्पष्ट होता. "फोटोतली, आबा. ही दादांनी केलेली."

आबांनी गेनूला विचारलं, का रे बाबा?

"मूळ फोटोला हात लावायचा नव्हता," गेनू म्हणाला.

 आधी आबांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि शेवटी कवळी हातात घेऊन ते हसले. म्हणाले, "आजवर फोटोवाल्यांनी फोटो बिघडवले. हा पहिलाच, ज्यानं फोटो खरा ठेवायला माणूस बिघडवलं. वत्सलाबाई, उठा. मुलीनं विचारल्याबरोबर खरं सांगितलं, मला तेवढं पुरे. येत्या पंधरवड्यातली तारीख धरा."

वत्सलाबाई रडायला लागल्या, नवरदेव सुमनकडे बघून हसायला लागला, सगळीकडे आनंदीआनंद झाला. आबा म्हणाले, "गेनू, आता आम्हा सगळ्यांचा मिळून एक फोटो काढ. आणि बघ हं, माणसामाणसांत फरक दिसता कामा नये."

गेनूनं सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि कॅमेऱ्यातून बघितलं. मधोमध एक जांभळी, बाकीचे सगळे गव्हाळ. फरक म्हणजे केवढा फरक. त्यानं कॅमेरा खाली ठेवला आणि वाटी उचलली.

अख्खा साखरपुडा जांभळा झाला हे काही खरं नाही. नवरी झाली होती, आणि आबांना गुडघ्यांमुळे उठता आलं नाही म्हणून त्यांचा डावा गाल झाला. बाकीचे पळाले. पाव्हण्यांनी गेनूला धरलं हे मात्र खरं. पण ते बदडायला नाही, हातातली वाटी काढून घ्यायला. आणि तोवर तो नवरदेवाच्या कानापर्यंत पोचला होता.