तीन डोंगरांपलीकडचं सांबर

रानात माणसाची पायवाटही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. जवळची हरणं संपली, तशी रानकुत्र्यांची टोळी तीन डोंगर ओलांडून एका सांबरामागे लागली. सर्वांत पुढे वावटळ्या. त्याचा पाय एका जागी ठरतच नसे. मागे रेंगाळणाऱ्या म्हाताऱ्या करवंदीवर तो खेकसला, "आत्याबाई, पाय उचला की!"

"परतही जायचंय रे बाबा," ती म्हणाली.

भर दुपारी सांबर पडलं. वावटळ्या पोटभर खाऊन सावलीत लवंडला. करवंदी मात्र लगेच उठली. "चल. पिल्लं उपाशी आहेत. पोटातलं इथंच जिरलं, तर त्यांच्यापुढे काय ओकशील?"

"तुम्ही व्हा पुढे. पहिल्याच डोंगरावर गाठतो तुम्हाला!"

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. तो जिवाच्या आकांताने धावला, पण वाटेत कुणीच दिसेना. गुहेशी पोचला, तर करवंदी सगळं ओकून रिकाम्या पोटाने पडली होती.

सर्वांत धाकट्या पिल्लाच्या वाट्याला काही आलं नव्हतं. ते धावत येऊन वावटळ्याचं तोंड चाटू लागलं. त्याने मान खाली घातली, पोट आवळलं, पुन्हा आवळलं. काहीच आलं नाही.

पिल्लू चाटतच राहिलं.