सोनेरी पट्टी काही वाळेना

फार पूर्वी वस्तू बोलायच्या आणि माणसं त्यांचं ऐकायचीसुद्धा, तेव्हाची ही गोष्ट. कुंदाबाईंनी जुन्या बाजारातून माशांची काचेची टाकी आणली आणि तिच्या काठाची विटकी प्लास्टिकची पट्टी सोनेरी रंगवली. रंग वाळेपर्यंत ढब्बू माशाचा मुक्काम बादलीत.

बादलीत बिचाऱ्याला धड वळताही येईना. तो रोज विचारी, “पट्टीताई, वाळलात का?”

“छे! हात लावू नका, अजून ओली आहे मी,” पट्टी म्हणे. टाकीत मासा आला की आपल्याकडे कोण बघणार, ही तिची खरी धास्ती.

“अहो, तुमच्यानंतर घातलेले पापड वाळून डब्यात गेले!”

“पापडांना कुठं सोनेरी रंग असतो?”

शेवटी कुंदाबाई कंटाळल्या. त्यांनी ढब्बूला ऐसपैस घंगाळात सोडलं आणि रिकाम्या टाकीत कांदे ओतले.

“अगं बाई, कांदे!” पट्टी किंचाळली. “वाळले हो, मी केव्हाच वाळले!”

घंगाळात गिरकी घेता घेता ढब्बूने नसलेले कान टवकारले.

“बरं झालं बाई, सांगितलंस,” कुंदाबाई म्हणाल्या. “ओल असती तर कांदे सडले असते.”