टिटवीची हजेरी

एका जंगलात, डोहाकाठच्या गोट्यांमध्ये चार अंडी घालून एक टिटवी राहत असे. घरट्याला ना काडी, ना छप्पर. पण बाईची नजर अशी की पलीकडचं गवत हललं तरी हिला कळावं. म्हणूनच जंगलाच्या पहाऱ्यावर तिला घेतलं होतं. पहाऱ्याचा मुख्य होता एक हुप्प्या वानर. तो आणि मोर उंबरावर बसून पहारा करत, टिटवी मात्र अंडी उबवता उबवता घरूनच करी. बिबट्या दिसला की ती ओरडे आणि सगळं रान सावध होई. कुणाची काही तक्रार नव्हती.

पण बाळांनो, चांगलं चाललेलं काहींना बघवत नाही. हुप्प्याच्या डोक्यात किडा वळवळला. "घरी बसलेलं पाखरू काम करतंय की पेंगतंय, मला इथून काय दिसतंय?" तो म्हणाला. "टिटवीबाई, आजपासून घडीघडीला ओरडायचं, ‘जागी आहे!’ म्हणून. एक ओरड चुकली की गुमान इथं, उंबराखाली येऊन बसायचं."

"आणि माझी अंडी हो?"

"ते तुझं तू बघ."

घ्या! याला म्हणे मुख्य! टिटवी बिचारी ओरडू लागली. सकाळी ओरडली, दुपारी ओरडली, घसा पार घोगरा झाला. पण खरी पंचाईत वेगळीच होती. चैत्राच्या उन्हात गोटे तव्यासारखे तापत. एरवी ती डोहात बुडी मारून पोटाची पिसं भिजवून आणी आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसे, तेव्हा कुठे ती गार राहत. आता पाण्यात गेलं आणि तेवढ्यात ओरड चुकली तर? ती कोरडीच बसून राही. पोटाखालची अंडी गरम होत चालली होती आणि तिचा जीव खालीवर होत होता. इकडे रानालाही तिच्या ओरडण्याची सवय झाली. मोर पिसं विंचरत म्हणे, "ओरडू दे हो. हजेरी देतेय ती."

एका दुपारी हुप्प्याची बायको, वानरीण, पोराला पोटाशी धरून डोहावर पाणी प्यायला आली. आणि टिटवीला करवंदीच्या जाळीत ठिपके दिसले. बिबट्या! तिने उरलासुरला घसा फाडून आरोळी ठोकली. वानरिणीने मान वर केली नाही. उंबरावर पोट खाजवत हुप्प्या म्हणाला, "वा! आजची हजेरी कशी खणखणीत!"

टिटवीने एकदा अंड्यांकडे पाहिलं आणि मग सरळ बिबट्याच्या डोळ्यांवर झेप घेतली. तो दचकला, त्याची उडी चुकली, आणि वानरीण पोरासकट झाडावर पोचली. बिबट्याच्या पंजात तिच्या शेपटीचे चार केस तेवढे राहिले.

बिबट्या चडफडत निघून गेला, टिटवी अंड्यांवर परतली, तसा हुप्प्या धाडधाड खाली उतरला. "आधी का नाही सांगितलंस?" म्हणत तो रागारागाने टिटवीजवळच्या गोट्यावर बसला, आणि टुणकन उडाला. "आई गं! भाजलं!"

"मी इथंच बसते, दादा, रोज," टिटवी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आणि सांगितलं नाही कसं? दिवसभर सांगतेच आहे. ‘जागी आहे’ कुठलं आणि ‘बिबट्या आला’ कुठलं, तुम्हाला कळणार कसं?"

हुप्प्याने हुकूम सोडायला तोंड उघडलं. झाडावरून वानरीण कडाडली, "अहो, मिटा ते तोंड! विचारा तिला, आणि ती बोलेल तेवढं ऐका."

मुख्य ओशाळला. मागचा भाग चोळत हळूच म्हणाला, "बाई, तुला काय हवंय?" इतक्या दिवसांत त्याने हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

"दुपारचं पोट भिजवून येऊ द्या. तेवढा वेळ पहारा दुसऱ्या कुणी बघावा. आणि मी संकट असेल तेव्हाच ओरडेन. गप्प असले, तर समजा सगळं ठीक आहे."

बोलायची उबळ हुप्प्याने कशीबशी गिळली. "आणखी काही?"

"थोडी सावली मिळाली तर बरं होईल."

त्या दिवसापासून दुपारी मोर टिटवीच्या जागी पहारा बघू लागला, आणि मुख्य स्वतः पळसाची फांदी धरून गोट्यांपाशी उभा राहू लागला. रान हसलं, हसू दे! थोड्याच दिवसांत चारही अंडी फुटली आणि लांब पायांची पिल्लं हुप्प्याच्या पायांवरून तुरुतुरु पळू लागली. बिबट्या पुन्हा आला तेव्हा टिटवी एकदाच ओरडली. डोहावर चिटपाखरू उरलं नाही. बिबट्या नुसतं पाणी पिऊन गेला.

तात्पर्य : डोळ्यांसमोर नाही तो कामचुकार, असं समजू नये; त्याची हजेरी घेण्याआधी त्याची अडचण विचारावी, आणि तो सांगेपर्यंत आपलं तोंड मिटून ठेवावं.