दवाखान्यापुढची हिरवळ

गवताचं बोलणं माणसांना ऐकू यायचं, त्या काळची ही गोष्ट. गावाबाहेरच्या माळावर नवा दवाखाना झाला. बांधकामाच्या साहेबांनी तिथले करंज आणि कडुनिंब तोडले आणि दारापुढे परदेशी हिरवळ लावून घेतली.

वैशाखात दवाखान्याची विहीर तळाला गेली. आतले नळ कोरडे पडले, पण तळाशी उरलेलं पाणी रोज दोन वेळा हिरवळीला मिळत होतं. एका दुपारी सगुणा तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन आली. सावली कुठेच नव्हती. पट्टी भिजवायला तिने माळ्याकडे तांब्याभर पाणी मागितलं.

"साहेबांचा हुकूम आहे, बाई. हे पाणी गवताचं," शिवाप्पा माळी खाली बघत म्हणाला.

हिरवळ संतापली. "माझं? मी कधी मागितलं? माझ्या नावाखाली सावली तोडलीत, आता आजारी पोराचं पाणीही तोडता? तो पाइप तिला दे, शिवाप्पा! यापुढे मला एक थेंब नको!"

शिवाप्पाने पाइप सगुणेच्या हाती दिला.

आठ दिवसांत हिरवळ वाळली. साहेब गाडीतून उतरताच ओरडले, "हे कुणी केलं?"

"मी," वाळलेलं गवत कडाडलं. "आता खड्डे खणा, झाडं लावा. आणि ती वाढेपर्यंत दवाखान्यात येणाऱ्या या लोकांबरोबर तुम्हीही उन्हात उभे राहा."