तिसरं कडवं

"पण गुरुजी, गाणं असं अर्धवट का सोडलंत?"

प्रबोध ओहोळने पुन्हा तेच विचारलं. भांबळ गुरुजी ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी दाणे ताटलीत टाकले, टरफलं बाजूला सारली.

"दोन कडवी आहेत की."

"दोनच आहेत. तेच म्हणतोय मी."

गुरुजींनी दुसरी शेंग घेतली...

आता हे गाणं कोणतं, ते आधी सांगायला हवं. आमच्या भागात ख्रिस्ती मंडळीचं असं एक देऊळ नाही, जिथे रविवारच्या सांजउपासनेला ते म्हणत नाहीत.

बोट तुझे दे रे, प्रभू, वाट नाही ओळखीची,
सांज झाली, दूर गेली हाक माझ्या माणसांची.

पुढे आणखी एक कडवं, की संपलंच. माणूस जरा कुठे गाण्यात रमतो, तोवर लोक पुस्तक मिटतात. असं का, याबद्दल जो तो आपलं डोकं चालवतो. कोणी म्हणतं, शाई संपली. कोणी म्हणतं, लिहिता लिहिता मिशनच्या साहेबाने हाक मारली. एका शहाण्याने तर गुरुजींच्या तोंडावर सांगितलं की पुढची कडवी वाळवीने खाल्ली. गुरुजींनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

प्रबोध मात्र ऐरागैरा नव्हता. लहानपणी याच ओट्यावर तो गुरुजींकडे हार्मोनियम शिकला. पुढे पुण्याला गेला, नाव काढलं. तिथल्या मोठ्या मंडळीत तो गायन चालवायचा, त्याची गाणी पोरं मोबाईलवर ऐकायची. प्रत्येक गाण्याआधी ते आपल्याला कसं सुचलं याची तो साक्ष द्यायचा, आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच बाया डोळ्यांना पदर लावायच्या. त्याला ते आवडायचं. कोणाला आवडणार नाही?

पण दोन वर्षं झाली, त्याला काही सुचतच नव्हतं. पहाटे गुडघे टेकून पाहिले, उपास करून पाहिला. कागद कोरा तो कोराच. मनातून तो पार घाबरला होता, आणि हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. मग एक दिवस गुरुजींचं गाणं गुणगुणताना त्याला पुढचं एक कडवं सुचलं. दोन वर्षांत सुचलं ते एवढंच. नवा अल्बम त्याच्यावरच उभा राहायचा होता. गुरुजी नको म्हणाले तर त्याच्या हातात काही उरत नव्हतं.

"रागावू नका," तो म्हणाला. "पण तुमचं गाणं अंधारात थांबतं. पुनरुत्थान येतच नाही त्यात. आपल्या गाण्याला असं चालतं का?"

"तुझं म्हण."

प्रबोधने घसा साफ केला.

फोडुनिया कबरीला उठेन मी त्या पहाटे,
तुझ्या संगे राज्य करू, सरतील सारे काटे.

आवाज काय सुरेख होता त्याचा. शेजारची बाई धुणं तसंच टाकून कुंपणाशी आली.

"चालीत बसतंय," गुरुजी म्हणाले. "आणखी काय केलंस?"

"पहिल्या ओळीत 'बोट' होतं, तिथे 'हात' केलंय. बोट जरा... पोरकट वाटतं. देवाकडे मागायचं तर हात मागावा."

गुरुजींच्या चिमटीत शेंग होती, ती त्यांनी फोडली नाही.

"आणि एक विचारायचं होतं, गुरुजी. हे गाणं तुम्हाला सुचलं कसं? लोक विचारतात. साक्षीत काहीतरी सांगावं लागतं."

गुरुजींनी ती शेंग तशीच ताटलीत ठेवली.

तेवढ्यात देवळाचा शिपाई फाटकाशी आला. आत न येताच म्हणाला, "गुरुजी, साळव्यांच्या लेकराची माती आहे चारला. पाळकसाहेबांनी गायला बोलावलंय."

"कधी गेलं?"

"पहाटे. ताप मेंदूत चढला म्हणतात."

गुरुजींनी मांडीवरची टरफलं झाडली आणि पायात चपला सरकवल्या.

"चल."

"मी?" प्रबोध गडबडला. "मी तर ओळखतही नाही त्यांना."

"गायला ओळख लागत नाही. तुझं कडवंही घे बरोबर."

दोघं शेतांमधल्या पांदीने निघाले. ऊन उतरलं होतं, वारा पडला होता.

"कधी मातीला गायलायस का?" गुरुजींनी विचारलं.

"नाही. आमच्याकडे त्याला वेगळी माणसं आहेत."

"मग एवढं ध्यानात धर. माती लोटायला लागले की गाणं थांबवायचं नाही. दम लागला तरी नाही. कबर पुरी भरेपर्यंत गायचं."

"का?"

"मयताच्या पेटीवर ढेकळं पडतात त्याचा आवाज होतो. तो आईच्या कानावर जाऊ द्यायचा नाही."

इतकी वर्षं प्रबोध देवळात गात आला होता, आणि गाण्याचं असंही काम असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

कबरस्तानात माणसं जमली होती. लेकराचा बाप, सायमन साळवे, उघड्या डोक्याने उभा होता. लेकराची आई, मार्था, हिला दोघींनी धरलं होतं. ती रडत नव्हती. जिला रडता येत नाही तिच्याकडे बघवत नाही, आणि प्रबोधने बघितलंही नाही. पेटी केवढी, तर बापाने एकट्याने काखेत धरून आणली.

पाळकसाहेबांनी शास्त्र वाचलं, प्रार्थना केली. मातीला माती म्हणून झालं. पेटी खाली गेली.

फावडी उचलली गेली तसा गुरुजींनी सूर लावला. थकलेला, फाटका आवाज. बाया मागे म्हणू लागल्या. प्रबोधनेही आवाज दिला, आणि सवयीने त्याचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

बाया म्हणत होत्या, बोट तुझे दे रे, प्रभू. तो म्हणत होता, हात.

पहिलं कडवं झालं, दुसरं लागलं. फावडी चालली होती. त्यांचा आवाज गाण्याखाली दबला होता, आणि मार्था त्या दोघींच्या आधाराने उभी होती. प्रबोधला बरं वाटलं. आपण इथे कामाला आलो, असं त्याला खरोखर वाटलं.

दुसरं कडवं संपलं.

फावडीही थांबली. खड्डा भरला होता. फावड्याच्या पाठीने माती थोपटली, की झालं. केवढासा तो उंचवटा...

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. बाया गप्प झाल्या. आता कोणी काही म्हणायचं नव्हतं, पण प्रबोधची छाती भरून आली होती, आणि थांबायचं नाही हेच त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्याने एकट्याने तिसरं कडवं धरलं.

फोडुनिया कबरीला...

कोणी साथ दिली नाही. देणार कसे, कोणाला येतच नव्हतं. शांततेत त्याचा एकट्याचा आवाज घुमला, चांगला कमावलेला, प्रत्येक शब्द स्वच्छ.

मार्थाने मान वर केली.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग त्या मातीकडे पाहिलं. दोघींचे हात सोडवून ती पुढे झाली, खाली बसली, आणि ओल्या मातीवर तळवा टेकून तशीच राहिली. वाट बघत राहिली.

कडव्यातल्या पहाटेचं सगळं खरं होतं, प्रबोधचा त्यावर विश्वासही होता. पण ती बाई आत्ता, या घडीला वाट बघत होती.

तो अर्ध्यातच थांबला. सायमन पुढे आला, बायकोचा हात मातीवरून उचलू लागला, आणि तिने पहिल्यांदा हंबरडा फोडला.

परतताना पांदीत अंधारून आलं होतं. गुरुजी हळू चालत होते, आणि प्रबोध त्यांच्या मागे, मान खाली घालून.

घर दिसायला लागलं तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी... तुमचं कोण गेलं होतं?"

"लेक. दीना." गुरुजी थांबले नाहीत. "नुकती चालायला लागली होती."

बोट पोरकट वाटतं, असं आपण कोणापाशी बोललो हे प्रबोधला आत्ता कळत होतं. माफी मागावी, तर कोणत्या तोंडाने?

"त्या दिवशी गायला कोणी आलं नव्हतं," गुरुजी म्हणाले. "गावात रोगाची साथ होती. तिची आई तिथेच उभी होती. मग मीच गायलो... जे तोंडाला आलं ते."

"आणि लिहिलं कधी?"

"मी कुठे लिहिलं. बायकोला पाठ होतं. तिनेच देवळात म्हटलं."

फाटकाशी दोघं उभे राहिले. ओट्यावर शेंगांची ताटली तशीच होती, मुंग्या लागल्या होत्या.

"मी ते कडवं टाकून देतो," प्रबोध म्हणाला. दोन वर्षांनी सुचलेली एवढीच एक गोष्ट होती, पण ती आता त्याला जवळही ठेववत नव्हती. "अल्बम राहू द्या. मी पुन्हा कधी त्याला हात लावणार नाही."

गुरुजींनी फाटकाची कडी काढली. आत गेले. पुन्हा वळले.

"टाकू नको. माझ्या मातीला ये आणि म्हण. मी थोराड माणूस आहे रे, माझा खड्डा दोन कडव्यांत भरायचा नाही."